यती नव्हे

सगळं थिएटर हसलं तेव्हा हेमचंद्रही हसण्याच्या बेतातच होता. चेहरा त्याने तसा घरूनच तयार करून आणला होता. मुलीचा पहिला सिनेमा, एका बाजूला मराठी मंडळातले मुकुल आणि मीनल, मागच्या रांगेत त्याच्या बँकेतले दोघंतिघं, तेव्हा बापाने कसं दिसावं याचा त्याने सकाळी दाढी करताना बराच विचार केला होता. पडद्यावर ते पांढरं, निथळतं जनावर कोणाच्या तरी फ्लॅटमध्ये छतातून गळत उतरलं होतं. उघडा राहिलेला फ्रिज त्याने लोटून लावला होता, रिकाम्या खोलीतला पंखा बंद केला होता, आणि आता दाराशी जाऊन, मान मागे वळवून, त्याने तो आवाज काढला. यती. खोल, ओला, पाइपातून आल्यासारखा. सिनेमात तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा लोक दचकले होते, दुसऱ्यांदा आला तेव्हा खुदखुदले होते, आणि आता तिसऱ्यांदा, पुढे काय होणार हे ठाऊक झाल्यामुळे, पोट धरून हसत होते. हेमचंद्रने ओठ फाकवले. तेवढ्यात त्या आवाजाच्या शेवटाला चिकटलेलं काहीतरी त्याच्या कानात शिरलं, नाकातून निघालेला एक छोटासा हुंकार, हं, आणि मांडीवरचा पॉपकॉर्नचा डबा घसरून मीनलच्या चपलांवर सांडला. जनावर यती म्हणत नव्हतं. येते हं, म्हणत होतं. आणि तो आवाज मधुवंतीचा होता.

मधुवंती, त्याची बायको, जाऊन दहा वर्षं झाली होती. आवाज ओढून ओढून लांबवलेला होता, खाली खाली उतरवलेला होता, त्यात पाणी कालवलं होतं, पण तो हं काही कोणाला बदलता आला नव्हता. कचरा टाकायला खालच्या मजल्यापर्यंत जायचं असो की तीन आठवड्यांसाठी पुण्याला, ती दारात उभी राहून येते हं म्हणायची, आणि आतून ये असं उत्तर आल्याशिवाय तिचं पाऊल उचलत नसे. हेमचंद्रला ते कधीकधी छळल्यासारखं वाटायचं. माणूस हिशेबात डोकं घालून बसलेला, आणि ही दारात चप्पल घालून उभी. एकदा इरा, त्यांची मुलगी, शाळेत निघताना बरोबरच्या पोरांसारखं 'आय गो फर्स्ट, आ' म्हणाली होती, तर मधुवंतीने तिला लिफ्टमधून परत बोलावून घेतलं होतं. जाते म्हणू नये, येते म्हण. पोरगी वैतागून येते म्हणाली, आई ये म्हणाली, आणि मग शाळेची बस चुकली. आता तेच येते ऐकून दोनशे अनोळखी माणसं हसत होती. हेमचंद्रला वाटलं, उठावं आणि कोणाला तरी सांगावं, अहो, गप्प बसा जरा, घरातलं माणूस बोलतंय. तो उठला नाही. पॉपकॉर्न वेचायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

सिनेमाचं नाव 'सीलिंग लीक'. एका गृहवसाहतीत वरच्या मजल्याचं पाणी खालच्या छतातून गळायला लागतं, आणि त्या गळतीतून एक जनावर जन्माला येतं. एअरकॉनच्या जाळीतली लव आणि फरशी पुसायच्या मॉपचे धागे लावून इराने आणि तिच्या मित्रांनी ते बनवलं होतं. जनावर माणसं खातं, आणि वसाहतीतल्या लोकांना त्याचं एवढंच वाटतं की आता फ्लॅटची किंमत उतरेल. जनावराने जिन्यात पाणी सांडलं म्हणून त्याला दंडाची नोटीस चिकटवली जाते. त्याला पाळीव प्राणी म्हणून नोंदवता येईल का यावर सभा भरते आणि सभेतले सगळे खाल्ले जातात. असा एकंदरीत वात्रट मामला होता, आणि गेले दोन आठवडे तो गाजत होता. मोठ्या पेपरने लिहिलं की वर्षानुवर्षं एअरकॉनच्या गारठ्यात राहिलेल्या या बेटाला अखेर स्वतःचा यती मिळाला. बर्फातलं जनावर विषुववृत्तावर, यापरता बोचरा विनोद कोणता. एका वेबसाइटने म्हटलं, यती म्हणजे बाहेरून आलेला कामकरी माणूस, ज्याची गरज सगळ्यांना आणि ज्याच्याकडे बघायचं कोणालाच नाही. दुसऱ्या एकीने फ्रिज लावण्याचा आणि पंखा बंद करण्याचा अर्थ वीजबचतीच्या सरकारी शिकवणीशी लावला. हेमचंद्रने हे सगळं वाचलं होतं. ट्रेनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत हॉकर सेंटरमधल्या टेबलावर, दोन दोन वेळा वाचलं होतं, आणि जिथे जिथे इराचं नाव यायचं तिथे अंगठा जरा थांबवला होता. त्यामुळे तो थिएटरात आला तो यती ऐकायला म्हणूनच आला, आणि दोन वेळा त्याने तो ऐकलाही.

सिनेमा संपल्यावर इरा पडद्यासमोर येऊन उभी राहिली. काळा टी-शर्ट, आखूड केस, हातात माइक. प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी विचारलं की, सगळी भुतंखेतं सोडून यतीच का? इरा म्हणाली, "आय नेव्हर से यती, वॉट. यू ऑल से वन." म्हणजे, यती मी कुठे म्हटलं, तुम्हीच सगळे म्हणताय. लोक पुन्हा हसले, टाळ्याही पडल्या. इरा हसली नाही. डोळ्यांवर दिवे येत होते म्हणून तिने हात आडवा धरला आणि रांगांमधून कोणाला तरी शोधायला लागली, आणि हेमचंद्रने, का कोण जाणे, मान खाली घातली.

बाहेर मुकुल त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "नाव काढलं हो पोरीने! आणि काय आवाज बनवलाय! यऽऽती." मुकुल पुंगोलला राहायचा, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर होता, आणि मंडळाच्या गणपतीत दरवर्षी निवेदन करायचा, म्हणजे मराठी त्याला कमी ऐकू येत होती असं नाही. "यती शब्द मुळात आपलाच असणार, बरं का. संन्यासी, तो यती. हिमालयातला. तिथून तो इंग्रजीत गेला." हेमचंद्र त्याच्याकडे बघत राहिला. सदाशिव पेठेत वाढलेला माणूस, आयुष्यात लाखभर वेळा येते ऐकलं असेल याने, आणि पेपर वाचून आल्यामुळे याच्याही कानाला ते कळलं नव्हतं. मीनल म्हणाली, "मला मात्र मधे मधे गलबलून आलं. का ते सांगता नाही येणार." मुकुल म्हणाला, "एसी जास्त होता." मीनल चपलेच्या पट्ट्यात अडकलेला पॉपकॉर्नचा दाणा काढू लागली. इराभोवती माणसांचा घोळका होता. हेमचंद्रने लांबूनच हात केला, तिनेही केला, आणि तो निघाला.

थिएटर पाया लेबारला होतं, स्टेशनच्या अगदी जवळ, आणि हे स्टेशन तो होता होईतो टाळायचा. दहा वर्षांपूर्वी मधुवंती हौगांगच्या त्यांच्या घरून बसने इथे आली आणि फलाटाकडे जाणाऱ्या सरकत्या जिन्यावर खाली बसली. मेंदूत रक्तस्राव. जिना वर जात राहिला, ती बसलेलीच वर गेली, आणि वरच्या टोकाला एका मलय बाईने तिला धरलं, एवढं त्याला नंतर सांगण्यात आलं होतं. तो हॉस्पिटलात पोचला तेव्हा बोलायचं काही शिल्लक नव्हतं. तेव्हा घरच्या दारातलं ते येते हं हाच तिचा त्याच्याशी शेवटचा शब्द, आणि त्याचं ये हा त्याचा तिला. हे त्याने भेटायला आलेल्या सगळ्यांना सांगितलं होतं. पुण्याहून तिचे भाऊ आले त्यांना, बँकेतल्या लोकांना. येते म्हणून गेली हो, मी ये म्हटलं, आणि हे असं. लोक डोळे पुसायचे. सांगून सांगून ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं की पुढे पुढे ते आपोआप यायचं, आणि हेमचंद्रला त्यातून एक चमत्कारिक आधारही मिळायचा. निदान दारातून तरी आपण तिला नीट पाठवलं. बाकी संसारात शंभर गोष्टी राहून गेल्या असतील, ही एक राहिली नाही. आज त्याच सरकत्या जिन्यावर उभं राहून वर जाताना त्याच्या मनात पहिल्यांदाच आलं की, म्हटलं होतं ना आपण?

त्याने ती संध्याकाळ समोर आणायचा प्रयत्न केला. जेवणाचं टेबल, लॅपटॉप, त्याच्या शेजारी फोनचा स्पीकर, लंडनच्या ऑफिसातले आवाज. वर्षअखेरीचं काम होतं. मधुवंतीची मोरपंखी ओढणी. की ती आदल्या दिवशीची? दाराची साखळी वाजली. येते हं. आणि मग त्याचा स्वतःचा आवाज, ये. हा आवाज त्याला स्वच्छ ऐकू येत होता, पण तो कुठल्याही दिवशीचा असू शकत होता. सोळा वर्षांच्या संसारातली सगळी ये एकावर एक रचलेली, त्यातली शेवटची कुठली, हे कसं ओळखायचं. हेमचंद्र मोठ्या बँकेत इतरांच्या कागदांवर शंका घेण्याचा पगार घेत होता. ऐकीव गोष्ट आणि पुरावा यातला फरक तो दरवर्षी नवीन पोरांना शिकवायचा. आणि स्वतःच्या घरातली ही गोष्ट त्याने इतकी वर्षं एकाही प्रश्नाशिवाय मान्य करून टाकली होती. ट्रेन आली तेव्हा दारातून उतरणाऱ्या माणसाने त्याला धक्का दिला आणि सॉरी, अंकल म्हटलं. हेमचंद्र हो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने पुन्हा परीक्षणं उघडली, आणि या खेपेला त्याला ती वेगळीच वाटली, चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या सामानासारखी. त्यात एक परीक्षण वाईट होतं. पहिल्या वाचनात त्याचा हेमचंद्रला राग आला होता आणि त्याने ते अर्ध्यावर सोडलं होतं. लिहिणारा म्हणत होता की गंमत जंमत ठीक आहे, पण या सिनेमाला नियमच नाही. जनावर दाराशी जाऊन ओरडतं, वाट बघतं, मग मागे फिरून माणसाला खातं. पण सगळ्यांना खात नाही. ते कोणाला सोडतं आणि का? हेडफोन लावून बसलेली शाळकरी मुलगी पहिल्यांदा जाते. सभेतली मंडळी जातात. लॅपटॉपवरून मान वर न काढणारा काका जातो. आणि वाचतात कोण? एक पाळण्यातलं बाळ, जे जनावराला बघून टाळ्या पिटत येऽ म्हणून ओरडतं, आणि वाणसामानाच्या दुकानातला ठार बहिरा म्हातारा, जो प्रत्येक गोष्टीला ये, ये म्हणत मान डोलावतो. निष्पाप जीव वाचतात असं दिग्दर्शिकेला सुचवायचं असेल, तर हा भाबडेपणा रडका आहे आणि पटकथेतली ही सर्वात मोठी फट आहे. हेमचंद्रने ते वाक्य वाचलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. फट नव्हती. नियम इतका सरळ होता की आपल्याकडच्या तीन वर्षांच्या पोरालाही सांगता आला असता. येते म्हटल्यावर ये म्हणायचं. जो म्हणेल त्याला सोडून ती गुमान निघून जाते. जो म्हणत नाही त्याच्याकडे ती परत वळते. या अख्ख्या बेटावर हा नियम दोन माणसांना माहीत होता, एक जिने सिनेमा केला ती, आणि दुसरा ज्याच्यासाठी केला तो. लॅपटॉपवाल्या काकाचा शर्ट निळ्या चौकड्यांचा होता. तसा एक शर्ट आत्ताही आत कपाटात होता.

पुढचे दिवस वाईट गेले. ऑफिसात कोणी अभिनंदन केलं की त्याला वाटायचं, हा माणूस मला ओळखून हसतोय. कॅन्टीनमधल्या दोन मुली एकमेकींना यती, यती करून घाबरवत होत्या, तर तो हातातली कॉफी तशीच ठेवून निघून गेला. सिनेमाला एक छोटं बक्षीसही मिळालं, त्याची बातमी मुकुलने मंडळाच्या ग्रुपवर टाकली आणि खाली फुलांचा खच पडला. त्या फुलांकडे बघून हेमचंद्रला भडभडून आलं. इतकी वर्षं पोरगी त्याच्याशी किती नीट वागली होती. हौगांगच्या त्या फ्लॅटमध्ये दोघंच राहिली, तिने कधी एका शब्दाने काही म्हटलं नाही, भात कच्चा राहिला तरी खाल्ला, आणि नोकरी लागल्यावर पुंगोलला मैत्रिणीबरोबर खोली घेतली तेव्हाही दर रविवारी जेवायला यायचं ठरवून मगच गेली. आणि या सगळ्या वेळात तिच्या पोटात हे होतं. बाबा ये म्हणाला नाही. तिथे होती फक्त तीच. तेरा वर्षांची, सोफ्यावर बसलेली, सगळं बघत. तेव्हा तिचं म्हणणं खरं आणि याचं गुळगुळीत वाक्य खोटं, हे उघडच होतं. आणि तरीही सकाळी जाग आल्याबरोबर त्याला पुन्हा तो ये स्वच्छ ऐकू यायचा, आणि दात घासता घासता पुन्हा नाहीसा व्हायचा. त्याला भीती वाटायला लागली की असाच विचार करत राहिलो तर मधुवंतीचा आवाजसुद्धा जाईल आणि आठवणीत तो जनावराचा आवाजच तेवढा उरेल. एकदा तो दारापाशी जाऊन उभा राहिला आणि तिच्यासारखं येते हं म्हणून पाहिलं. ते अगदी हुबेहूब सिनेमातल्यासारखं निघालं.

रविवारी इरा आली. त्याने वरणभात आणि बटाट्याची भाजी केली होती. पापड भाजताना एक जळला, तो त्याने स्वतःच्या ताटात घेतला. टेबल तेच होतं. वर छताला जुन्या गळतीचा पिवळा डाग होता. वरच्या मजल्यावरचे लोक बदलले, प्लंबर येऊन गेला, दोनदा रंग झाला, आणि डाग पुन्हा वर आला. इराने वर बघून डागाकडे बोट केलं आणि म्हणाली, "माय लीड ॲक्टर." हेमचंद्रने वरण वाढलं. नंतर नंतर म्हणता आपण बोलणारच नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून पळी हातात असतानाच म्हणाला, "तो आवाज आईचा आहे."

इराचा घास हातात राहिला. "कळलं तुला," ती म्हणाली. मग घास ताटात ठेवून, "कितव्यांदा?"

"तिसऱ्यांदा."

"पहिल्यांदा नाही?"

"पहिल्या दोन वेळा मी पेपरात वाचलेलं ऐकत होतो." तो खाली बसला. "कुठून मिळाला तो तुला?"

"जुना हँडीकॅम. दिवाळीचं शूटिंग आहे, मी केलेलं, सगळं हललेलं. आई दारात आहे, समवन्ज हाउस जातीय, आणि म्हणते, येते हं. तीन सेकंद, दॅट्स ऑल. मी सांगणार होते तुला. मग वाटलं, तू ऐकशील आणि तुला कळेल. सगळे यती यती करायला लागले तेव्हा आय गॉट स्केअर्ड. वाटलं, बाबालाही यतीच ऐकू आलं तर?"

हेमचंद्रने भाताचा ढीग मोडला, पुन्हा रचला. आठवडाभर पाठ केलेलं वाक्य होतं, ते त्याने म्हणून टाकलं. "मी त्या दिवशी ये म्हटलं नाही, असंच ना? तसं असेल तर तसं सरळ सांग मला. मला आठवत नाही, इरा. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, पण खरं म्हणजे मला आठवत नाही. तो लॅपटॉपवाला माणूस मी आहे, एवढं कळलं मला."

इराने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग असेल, निदान सुटका तरी असेल, अशी त्याने तयारी केली होती. तिथे नुसता धक्का होता.

"दॅट वन इज जस्ट कॉमेडी अंकल, बाबा," ती हळू म्हणाली. "शर्ट तुझ्या कपाटातला घेतला, बिकॉज फ्री. मेन इज द गर्ल. हेडफोनवाली. शी डाय फर्स्ट, वॉट. यू नेव्हर सी मी, इज इट?"

हेमचंद्रला ती मुलगी आठवेना. आठवली ती नुसती परीक्षणातल्या ओळीत, हेडफोन लावून बसलेली शाळकरी मुलगी पहिल्यांदा जाते. पडद्यावर तिचं काय झालं, तिने कुठले कपडे घातले होते, ती कशी ओरडली, काहीही आठवेना. तेव्हा तो हसायला तयार होऊन बसला होता, आणि नंतर आठ दिवस स्वतःलाच शोधत बसला होता. सोफा तिथेच होता, दोन हातांवर. त्यावर दहा वर्षं एक पोरगी बसलेली होती आणि त्याने तिकडे बघितलंच नव्हतं.

"आई दारात होती," इरा म्हणाली. आता ती डागाकडे बघून बोलत होती. "मी हेडफोन लावलेले. तिचं तोंड हललं, आय सॉ. काय म्हणतेय ते मला माहीतच होतं, रोजचंच ना. तिने माझ्याकडे बघितलं. मला गाणं संपवायचं होतं. मग तिने तुझ्याकडे बघितलं. मग दार लागलं. तू काय म्हणालास ते मला ऐकूच आलं नाही, बाबा. तू म्हणायचास लोकांना, मी ये म्हटलं. मी आत खोलीत बसून ऐकायचे आणि मला वाटायचं, थँक गॉड, निदान एकाने तरी म्हटलं. पण मग वाटायचं, लोकांना सांगायचं म्हणून सांगतोय का? तुला विचारायचं होतं मला. तर मी एवढा मोठा सिनेमाच काढला." ती हसायला गेली आणि ते जमलं नाही. "म्हणाला होतास ना तू?"

जो प्रश्न घेऊन तो टेबलाशी बसला होता, तोच तिच्या हातात होता. एकच साक्षीदार आहे असं धरून दोघं इतकी वर्षं एकमेकांकडे बघत होती, आणि साक्षीदार कोणीच नव्हता. हेमचंद्रने टेबलाची कड धरली. नाही म्हणणं सोपं होतं. माहीत नाही म्हणणं तर खरंच होतं, ते त्याने आत्ताच म्हटलंही होतं. समोर इरा बसली होती, तेवीस वर्षांची, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्याला वरण लागलेलं होतं.

"हो," तो म्हणाला. "म्हटलं होतं."

"पण आत्ता तूच म्हणालास, आठवत नाही."

"आत्ता आठवलं. तू हेडफोन म्हणालीस त्यावरून." त्याला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता, पण तो थांबला नाही. "कॉल चालू होता. म्यूट करायचं मी विसरलो आणि मोठ्याने म्हटलं, ये. लंडनच्या लोकांना ऐकू गेलं. त्यातला एक जण म्हणाला, हेम, व्हॉट आर वी सेलिब्रेटिंग? त्याला वाटलं मी आनंदाने येऽ म्हणून ओरडलो. सगळे हसले. मला लाज वाटली म्हणून ते मी कोणाला सांगितलं नाही."

इराने डाव्या हाताने तोंड झाकलं. "रिअली?"

"रिअली."

"लाइक द बेबी," ती म्हणाली, आणि या खेपेला तिला हसू आलं, आणि हसता हसता ती टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली, लहानपणी पडल्यावर रडायची तशी मोठ्याने, नाक ओढत. हेमचंद्रने तिच्या केसांवर हात ठेवला. उष्टा हात आहे हे त्याच्या लक्षात आलं, तरी त्याने तो उचलला नाही. लंडनचे ते लोक त्या संध्याकाळीच हसले होते का, की या आठवड्यात त्या बाळाबरोबर सिनेमातून उठून कॉलवर जाऊन बसले, हे त्याला कळत नव्हतं. शोधलं तर कुठेच तळ लागला नसता. पण ती माणसं आता हसली होती खरी, आणि त्यांना परत गप्प करण्याचा हक्क त्याला उरला नव्हता. ये आता त्याला म्हटलेलंच ठेवायला हवं होतं, जन्मभर.

तिने तोंड धुतलं, भाजी संपवली, उरलेला भात डब्यात भरून घेतला. जाताना फ्रिजचं दार नीट लागलंय का ते बघितलं. दारात बूट चढवताना ती म्हणाली, "बाबा, तो क्रिटिक म्हणतो ना, नियम नाही म्हणून. त्याला सांगू नकोस हं." मग बॅग खांद्यावर घेतली, जिन्याकडच्या उजेडात वळून उभी राहिली, आणि म्हणाली, "येते."

लिफ्ट आली, ती गेली. हेमचंद्रने दार लावलं आणि ताटं उचलायला टेबलापाशी आला. एक ताट दुसऱ्यावर ठेवलं आणि तसाच उभा राहिला. आत्ता, या क्षणी, काय म्हणालो आपण? ती येते म्हणाली, हे ऐकलं. लिफ्टचं दार लागलं, ते ऐकलं. मधे काय होतं? तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, एवढं नक्की, डोळे सुजलेत हिचे असं मनात आलं होतं, आणि मग, मग. ताटं त्याने टेबलावर टाकलीच, आणि खरकट्या बोटांनी फोन शोधला. तो पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा वाजत राहिला, वाजतच राहिला. त्याला सरकता जिना दिसत होता, वर वर जाणारा.

"हां, बाबा?" मागे बसचा आवाज होता, कोणीतरी कार्ड टेकवल्याचा टीक.

"तू निघालीस तेव्हा," तो म्हणाला. "दारात. मी म्हटलं ना गं?"

पलीकडे थोडा वेळ नुसती बस ऐकू आली.

"म्हटलंस," इरा म्हणाली. "ऐकलं मी."